डिकीवरचा ओरखडा

कणकवली तालुक्यातल्या नांदगावला मुंबई-गोवा महामार्ग आणि देवगड-निपाणी रस्ता एकमेकांना भेटतात. अशा गावी मोटारसायकलला लावलेली प्लॅस्टिकची डिकी म्हणजे चालते-फिरते कपाटच! मुलांची दप्तरे, बाजारहाट, पावसात कोरडी राहायला हवीत ती कागदपत्रे, सारे तिच्यातच. ती जांभ्याच्या गडग्याला घासते, गाडी पडली की खरचटते. नवी घ्यायची तर खिशाला चाट. पण बरेचसे ओरखडे घरच्या घरी जातात, फक्त आपली डिकी कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखायला हवे.

डिकीच्या तळाशी किंवा झाकणाच्या आत बारीक अक्षरे असतात. ‘एबीएस’ असेल तर ते कडक, बहुधा चकचकीत प्लॅस्टिक. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपल्या डब्यांचे आणि बादल्यांचे भाऊबंद. अक्षरे पुसली असतील तर तळाच्या कडेचा नखाएवढा कीस काढून विहिरीच्या पाण्यात दाबून सोडावा. पीपी तरंगते, एबीएस बुडते.

आता नख फिरवून पाहा. नख अडकले नाही तर ओरखडा वरवरचा. डिकी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावी. चकचकीत भागावर पांढरी टूथपेस्ट (जेल नको) जुन्या बनियनच्या मऊ तुकड्याने हलकेच चोळावी. तिच्यातली बारीक पूड प्लॅस्टिक घासून सारखे करते.

नख अडकले, तर हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याचा पॉलिश पेपर आणावा: ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा. पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून याच क्रमाने, एकाच दिशेने घासावे. जागा धुरकट दिसेल. घाबरू नका! शेवटी रबिंग कंपाउंडने पॉलिश केले की चमक परत येते. मात्र डिकीला वरून रंग दिलेला असेल तर पेपर वापरू नये, रंगच निघून जाईल.

काळ्या, खरबरीत डिकीला तर पॉलिश पेपर मुळीच लावू नये. तिथे गुळगुळीत डाग पडतो आणि तो ओरखड्यापेक्षा वाईट दिसतो. केस वाळवायचे यंत्र वीतभर लांब धरून सतत हलवत ऊब द्यावी. पांढरट रेघ बरीच मावळते. आधी तळाशी थोडे करून बघावे. इस्त्री किंवा मेणबत्ती जवळ आणू नये.

नेलपॉलिश काढायचे द्रावण, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही लावू नका. एबीएस त्याने विरघळते किंवा तडकते. खोबरेल तेलाने रेघ चार दिवस लपते खरी, पण त्यावर धूळ चिकटून बसते.

आणि एक लक्षात घ्या, बरेच ओरखडे आपल्याच फडक्याने पडतात. जांभ्याची तांबडी धूळ कणीदार असते. कोरड्या कपड्याने पुसले की तीच पॉलिश पेपरचे काम करते! म्हणून आधी भरपूर पाणी ओतावे, मगच साबण आणि फडके.

आता सर्वांत महत्त्वाचे. ओरखडा वेगळा, तडा वेगळा. रात्री डिकीत टॉर्च पेटवून झाकण लावावे. एखाद्या रेघेतून उजेड डोकावला तर तो तडा. प्लॅस्टिक जाड असेल तर उजेड दिसत नाही, म्हणून बिजागरी, कुलूप आणि गाडीला जोडणारी पट्टी यांच्याभोवती बोटाने दाबून पाहावे, रेघ फाकते का ते. तिथला तडा चिकटवून भागवू नये. धावत्या गाडीवरून डिकी सुटली तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतेल. तो भाग बदलूनच घ्यावा. आत वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तीही वाचून ठेवा. नारळ भरताना ती हमखास विसरते!

बाकी दिसण्यापुरती एखादी रेघ राहिली, तर राहू द्या. डिकी मजबूत आहे ना, मग झाले.