घर भाड्याचं, सामान आपलं: विम्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. अशा पुरात भिंती सहसा उभ्या राहतात, वाया जातो तो आतला संसार: फ्रिज, गाद्या, कपाटातले कपडे, मुलांची वह्या-पुस्तकं. यातलं बरंचसं सामान भाडेकरूचं असतं आणि त्याचा विमा क्वचितच असतो. हप्ता परवडत नाही म्हणून विमा टाळणारे थोडे. असा विमा आपल्याला मिळतो हेच बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी तो कशाला लागू होतो याबद्दल भलत्याच समजुती असतात.

गैरसमज: घराचा विमा घरमालकानेच काढायचा असतो.

वस्तुस्थिती: इमारतीचा विमा मालकाचा, सामानाचा विमा ज्याचं सामान त्याचा. विमा नियामक ‘इर्डाई’च्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा देणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावीच लागते. ती फक्त इमारतीसाठी, फक्त सामानासाठी किंवा दोन्हींसाठी घेता येते. भाडेकरूने ‘फक्त सामान’ हा पर्याय घ्यायचा. अडचण शोधताना येते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर बऱ्याचदा ग्राहक मालकच आहे असं धरून आधी इमारतीचं क्षेत्रफळ विचारतात. तिथे ‘भाडेकरू’ किंवा ‘फक्त सामान’ हा पर्याय शोधा. नसेल तर शाखेत किंवा एजंटकडे ‘भारत गृह रक्षा, फक्त सामानासाठी’ अशी स्पष्ट मागणी करा.

गैरसमज: सोसायटीचा विमा आहे, मग काळजी नाही.

वस्तुस्थिती: सोसायटी विमा काढते तो इमारतीचा. जिना, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, भिंती. तुमच्या टीव्हीशी त्याचा संबंध नाही. मालकाच्या पॉलिसीचंही तसंच: त्याने फ्लॅटसोबत दिलेला पलंग आणि गीझर त्यात असू शकतो, तुमचं वॉशिंग मशीन नाही. याला आणखी एक बाजू आहे. आग तुमच्या निष्काळजीपणामुळे लागली, तर मालकाला भरपाई दिल्यावर त्याची विमा कंपनी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करू पाहू शकते. म्हणून घरमालकाच्या मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारी उचलणारं कव्हर कंपनीकडे असेल, तर त्याचीही चौकशी करावी.

गैरसमज: पूर म्हणजे दैवी आपत्ती, त्याला विमा कुठला मिळणार?

वस्तुस्थिती: मिळतो. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं, दरड कोसळणं, दंगल, दहशतवादी कृत्य, इतकंच काय, टाकी फुटून किंवा ओसंडून झालेलं नुकसानसुद्धा ‘भारत गृह रक्षा’त मुळातच धरलेलं आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तशा पावसात घरात शिरणारं पाणीही त्यात येतं. तळमजल्यावर, नाल्याकाठी किंवा नदीच्या पूररेषेजवळ भाड्याने राहणाऱ्याला या विम्याचा सर्वांत मोठा उपयोग इथेच आहे. मात्र वर्षानुवर्षं झिरपणारी ओल आणि त्यामुळे कपाटाला आलेली बुरशी ही अचानक घडलेली घटना नव्हे. तिचे पैसे मिळत नाहीत.

गैरसमज: चोरी तर प्रत्येक गृहविम्यात असतेच.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. ‘भारत गृह रक्षा’च्या मूळ कव्हरमध्ये चोरी येते ती एवढीच: पूर, आग यांसारखी विम्यातली घटना घडल्यापासून सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे झालेली. एरवी तुम्ही गावी गेलात आणि चोरांनी कुलूप तोडून घर साफ केलं, तर त्यासाठी घरफोडीचं वेगळं कव्हर लागतं. ते अ‍ॅड-ऑन म्हणून किंवा कंपनीच्या ‘हाउसहोल्डर’ पॅकेजमधून मिळतं. त्यातही बारीक अक्षरं वाचा. घरफोडी म्हणजे जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा: तुटलेलं कुलूप, उचकटलेली कडी. दार सताड उघडं राहिलं आणि कोणी लॅपटॉप उचलून नेला, किंवा घरकामाला येणाऱ्या व्यक्तीने काही नेलं, तर बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. पोलिसांकडे एफआयआर नोंदवल्याशिवाय चोरीचा क्लेम पुढे सरकत नाही. शिवाय घर महिनाभर बंद राहणार असेल, तर जाण्याआधी कंपनीला लेखी कळवून ठेवा.

गैरसमज: शॉर्ट सर्किटने फ्रिज जळाला, तर नवा फ्रिज मिळेल.

वस्तुस्थिती: शॉर्ट सर्किट किंवा जादा दाब यांमुळे त्याच उपकरणाचं जे नुकसान होतं, ते मूळ पॉलिसीत वगळलेलं असतं. मात्र त्या फ्रिजमधून उठलेल्या आगीने शेजारचं कपाट, पडदे आणि गादी जळली, तर त्यांची भरपाई मिळते.

गैरसमज: आमच्याकडे विमा काढण्यासारखं आहेच काय?

वस्तुस्थिती: एकदा कागद घेऊन खोल्यांतून फिरा. साध्या वन-बीएचकेतला हिशोब असा लागू शकतो: फ्रिज २५ हजार, वॉशिंग मशीन २०, टीव्ही ३०, पलंग-गादी ३०, कपाट १५, गॅस-मिक्सर-भांडी २५, लॅपटॉप ५५, घरातल्या सगळ्यांचे कपडे ५०. बेरीज अडीच लाख. रक्कम धरताना वस्तू पूर्वी कितीला घेतली हे पाहू नका, आज तशीच घ्यायला किती लागतील ते लिहा. मालकाच्या वस्तू यादीत घालू नका. तुमच्या नसलेल्या वस्तूचा विमा तुम्हाला लागू होत नाही. दोघे-तिघे मित्र मिळून राहत असतील, तर प्रत्येकाने आपल्या सामानाची वेगळी सोय करावी.

रक्कम कमी लावून हप्ता वाचवायचा मोह होतो. काही पॉलिसींमध्ये ते महागात पडतं. पाच लाखांच्या सामानाचा अडीच लाखांचाच विमा असेल, तर एक लाखाच्या नुकसानीला पन्नास हजारच हातात येतात. ‘भारत गृह रक्षा’त ही कपात नाही, पण विम्याच्या रकमेपेक्षा जास्त पैसे तिथेही मिळत नाहीत.

गैरसमज: दागिने आणि कपाटातली रोकड त्यातच आली.

वस्तुस्थिती: दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांच्यासाठी वेगळं ऐच्छिक कव्हर घ्यावं लागतं. त्याला मूल्यांकनाचा दाखला लागतो. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि कोणतीही एक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर दाखल्याची सक्ती नाही. रोकड, चेक, कागदपत्रं आणि वाहनं मात्र मूळ पॉलिसीबाहेरच राहतात. गाडीला तिचा स्वतःचा विमा असतो.

गैरसमज: अकरा महिन्यांचा करार, वर्षाचा विमा कशाला?

वस्तुस्थिती: पॉलिसी पत्त्याशी बांधलेली असते, पण पत्ता बदलता येतो. टेम्पो सांगण्याआधी कंपनीला कळवून नव्या पत्त्याची नोंद लेखी करून घ्या. ते राहिलं तर नव्या घरातलं सामान विम्याविनाच राहतं. शहरच सोडत असाल, तर इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार पॉलिसी कधीही, कारण न देता रद्द करता येते आणि क्लेम केलेला नसेल तर उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळतो.

गैरसमज: बिलं नसली की क्लेम बुडालाच.

वस्तुस्थिती: पुरात बिलंही वाहून जातात. यूपीआयच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट, ई-मेलवरची बिलं आणि पॉलिसी घेताना मोबाइलवर काढलेला घराचा व्हिडिओ हाही पुरावाच. कपाटं उघडून, उपकरणांच्या मागचे मॉडेल क्रमांक दिसतील असं चित्रीकरण करा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. नुकसान झालं की लगेच कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेल्या गाद्या भंगारात देऊ नका. कंपनीने क्लेम नाकारला, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. ती फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात.

एजंटला हप्ता किती, हे शेवटी विचारा. आधी तीन गोष्टी लेखी घ्या: पॉलिसी फक्त सामानासाठी आहे का, घरफोडी तिच्यात आहे की वेगळी घ्यायची, आणि पत्ता बदलला तर काय करायचं. या तिन्हींची उत्तरं हातात आल्यावरच दोन कंपन्यांच्या हप्त्यांची तुलना करण्यात अर्थ आहे.