मांसात लिहिलेलं जेवण

कुंभारी गावच्या शिवारातली ज्वारी आणि मालवणच्या समुद्रातला मासा एकाच यंत्रावर जोखता येतो. हवेतल्या शंभर कार्बन अणूंमागे जेमतेम एक 'जड', म्हणजे कार्बन-13 असतो. ज्वारी तो भातापेक्षा जास्त सामावून घेते: ठरलेल्या मानकाच्या तुलनेत ज्वारीचा आकडा उणे 12 प्रतिहजारच्या आसपास, तांदळाचा उणे 27. भाकरी खाणाऱ्याच्या केसांतही हा फरक उतरतो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत. 1987 पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. अशा प्रवाळ खडकांवरचा मासा काय खातो? पोट चिरलं तर फार तर शेवटचा घास सापडतो, तोही अर्धवट पचलेला. मांसात मात्र कित्येक आठवड्यांची खतावणी असते. पाठीच्या मांसाचा तुकडा वाळवून पूड करतात, कथिलाच्या इवल्या पुडीत जाळतात आणि निघालेला वायू मास स्पेक्ट्रोमीटर या अणू तोलणाऱ्या यंत्रात सोडतात.

अन्न तरंगत्या प्लवकांचं की खडकावरच्या शेवाळाचं, हे कार्बन सांगतो. अन्नसाखळीतली पायरी सांगतो जड नायट्रोजन, म्हणजे नायट्रोजन-15. खाणाऱ्यात तो दर पायरीला सरासरी 3.4 प्रतिहजारने चढतो. त्यामुळे शेवाळ खरवडणारा पोपटमासा खाली, मासे गिळणारा गोबरा वर.

पण सांडपाणी मिसळलं की शेवाळातलाच नायट्रोजन-15 चढतो. म्हणून नुसते मासे मोजून भागत नाही. त्याच खडकावरचं शेवाळही खरवडून आणावं लागतं.