उभ्या गाडीचे तास

पहाटे साडेपाच

लासलगावात कांद्याच्या गाड्या भरून देणाऱ्याचा दिवस फोनवरच उजाडतो. स्वतःची एक दहाचाकी आणि बाजार समितीजवळ एक छोटं ऑफिस, एवढंच माझं भांडवल. बाकी कारभार दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालतो. व्यापाऱ्याला गाडी मिळवून द्यायची, गाडीला माल मिळवून द्यायचा आणि तो पोचेपर्यंत दोघांनाही जबाब द्यायचा.

आधी वाशी. रात्री इथून सुटलेली गाडी पहाटेच कांदा-बटाटा मार्केटच्या आत लागली, माथाडींची टोळी उतरवायला चढलीसुद्धा. दुसरी गाडी इंदूरकडे निघालेली. बिजासन घाटात पुढे एक ट्रक उलटल्याने ती रांगेत उभी आहे. तो घाट आमच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या ओळखीचा आहे. तिथे अडकलं तर घाई करायची नाही, एवढंच मी सांगतो.

तिसरा फोन लावायला हात धजत नाही. ती गाडी उत्तरेतल्या एका मंडईत परवा सकाळी पोचली आणि अजून भरलेलीच उभी आहे.

"शेठ, आज तरी नंबर लागेल म्हणतात."

"जेवलास का रे?"

"जेवायला गाडी सोडून कुठं जाऊ? मागच्या गाडीवाल्याला सांगून चहा पिऊन आलो."

बाराशेच्या वर किलोमीटर तो तिसऱ्या दिवशी पोचला. दोन दिवस झाले, पाच-पन्नास फुटांवरच्या गाळ्यापर्यंत त्याला जाता येत नाही.

सकाळी आठ

ऑफिस उघडेपर्यंत रिकाम्या गाड्या रस्त्याच्या कडेला येऊन लागलेल्या असतात. कोणी सिन्नरच्या एमआयडीसीत पत्रा उतरवून आलेला, कोणी मनमाडला खत खाली करून. परतीचं भाडं शोधायला ते इथे येतात. गाडी घरी रिकामी न्यायची म्हणजे डिझेल आणि टोल दोन्ही पदरचे. दहाचाकी लिटरला चारच्या आसपास चालते, आणि भाड्यातला जवळजवळ निम्मा पैसा डिझेलच पितं. म्हणून राजस्थानचा ड्रायव्हर दिल्लीचा माल मिळावा म्हणून दिवसभर थांबेल, पण नागपूरचं भाडं घेणार नाही.

कागद बघण्याचं काम मी दुसऱ्या कोणावर टाकत नाही. इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, लायसन आणि फास्टॅगमधला बॅलन्स. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सगळ्यांना सक्तीचा झाला, तेव्हापासून टोलनाक्यावरची खोळंबाखोळंबी पुष्कळ कमी झाली हे मान्य केलंच पाहिजे. त्याआधी जीएसटी आला आणि जुलै २०१७ मध्ये राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. मध्य प्रदेशानेही १ जुलै २०२४ पासून आरटीओचे नाके बंद केले. वाटेतले अडथळे एकेक करून निघत गेले, ही गेल्या दहा वर्षांतली खरी कमाई आहे. खोळंबा उरलाय तो दोन्ही टोकांना, भरताना आणि उतरवताना. त्याकडे कोणी बघत नाही.

साडेनऊ

लिलाव सुरू होतो आणि माझ्या दिवसाचं गणित तिथे ठरतं. ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने उभे, व्यापारी आणि समितीची माणसं एका वाहनावरून दुसऱ्याकडे सरकत जातात. मूठभर कांदा उचलून पाहिला, बोली झाली, चिठ्ठी फाडली, पुढची ट्रॉली. शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल मिनिटभरात लागतो. मी तिथे उभा राहून भाव ऐकतो, कारण भावावरून कळतं की दुपारी मला किती गाड्या लागतील. भाव दक्षिणेच्या मागणीने चढला असेल तर बेंगळुरू-चेन्नईच्या गाड्या हव्यात, दिल्लीने उचल केली असेल तर आग्रा रोडच्या.

कधी गणित एका रात्रीत उलटतं. ७ डिसेंबर २०२३ ला रात्री अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून कांद्याची निर्यात बंद झाली. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले, रस्त्यावर शेतकरी उतरले. न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या गाड्यांचे ड्रायव्हर विचारत होते, पुढे जायचं की मागे वळायचं? त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्क आणि किमान निर्यात दराची अट सोबत घेऊनच. शेतकऱ्याचं त्यात किती गेलं यावर खूप लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. त्या महिन्यांत हप्ते थकलेल्या गाडीमालकांबद्दल एक ओळही माझ्या वाचण्यात आली नाही.

अकरा ते दीड

हे तास फोनचे. व्यापारी म्हणतो टनाला शंभर कमी कर, गाडीवाला म्हणतो दोनशे वाढव. मध्ये मी. भाडं ठरलं की ॲडव्हान्स किती आणि बाकी कुठे मिळणार ते ठरवायचं. ॲडव्हान्स इथे डिझेलपुरता, बाकी बहुतेकदा माल उतरल्यावर तिकडच्या आडत्याकडून. म्हणजे गाडी जितके दिवस उतरत नाही तितके दिवस ड्रायव्हरच्या हातात बाकी येत नाही.

रेल्वेचा विषय निघतो तेव्हा काही गाडीवाले तोंड वाकडं करतात. मला ते पटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीच्या किशनगंजला सरकारी साठ्यातला १,६०० टन कांदा एका मालगाडीने गेला. तेवढ्या मालाला ऐंशी-नव्वद दहाचाकी लागल्या असत्या. गुवाहाटी, पाटणा, कोलकाता एवढ्या लांबच्या पल्ल्याला एकगठ्ठा माल रेल्वेनेच जावा. पण रेकला एकदम तेवढा माल जमवावा लागतो, आणि तिकडे स्टेशनावरून मंडईपर्यंत पुन्हा ट्रकच लागतो. छोट्या व्यापाऱ्याला आज वीस टन पाठवायचा असतो, उद्या दहा. त्याच्यासाठी आम्हीच आहोत.

दुपारी दोन

जेवण उरकून खळ्यावर. लिलावात घेतलेला कांदा व्यापारी आपल्या खळ्यावर उतरवतो, तिथेच त्याची निवड होते. पत्र्याच्या शेडखाली बायका दोन रांगांत बसलेल्या. सडका बाजूला, जोड कांदा बाजूला, गोल्टी वेगळी, मोठा माल वेगळा. हात इतके सवयीचे की नजर समोरच्या बाईकडे आणि गप्पा चालू असताना कांदा बरोबर आपल्या ढिगात जाऊन पडतो. भरलेल्या गोणीचं तोंड दाभण-सुतळीने शिवलं की हमाल ती पाठीवर घेतो आणि फळीवरून गाडीच्या हौद्यात चढतो.

भरणं हे मोठं कसबाचं काम आहे. पन्नास-पन्नास किलोच्या साडेतीनशेवर गोण्या. आमचा मुकादम पहिला थर स्वतः लावून घेतो. गोण्या आडव्या-उभ्या रचायच्या, मध्ये हवेला वाट ठेवायची, कारण कांदा गाडीतसुद्धा श्वास घेत असतो. गच्च दाबून भरला तर मधला माल तापतो, घाम धरतो, आणि तिकडे उतरवताना मधल्या गोण्यांना वास सुटलेला असतो. ताडपत्रीचंही तसंच. उघडी ठेवली तर पाऊस, चारी बाजूंनी आवळली तर वाफ. जूनचा पहिला पाऊस दारात असताना मुकादम आभाळाकडे बघून ठरवतो की मागची बाजू किती उघडी सोडायची. त्याचा अंदाज ड्रायव्हरही मानतात.

"आप्पा, जरा दाबून घ्या, अजून वीस गोण्या बसतील," व्यापाऱ्याचा मुलगा म्हणतो.

"बसतील रे बाळा. पण तिथं पोचल्यावर चाळीस फेकायला लागतील."

तो वाद तिथेच मिटतो. हमाली, तोलाई, वाराई यांचे वाद मात्र इतक्या सहज मिटत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये त्यावरूनच जिल्ह्यातले कांदा लिलाव कित्येक दिवस बंद राहिले होते. १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर ओझं वाहणाऱ्याला महाराष्ट्रात हक्क मिळाले, आणि त्या कायद्याचा मला अभिमान आहे. तसा आधार स्टिअरिंगवरच्या माणसाला आजही नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम सांगत होता, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांनाच लागू होता. आमच्याकडे एक-दोन गाड्यांचेच मालक जास्त. बरेच जण स्वतःच ड्रायव्हर.

संध्याकाळी पाच

भुईकाटा. रिकाम्या गाडीचं वजन सकाळीच झालेलं असतं, आता भरलेलं. २०१८ मध्ये केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली. तीन धुऱ्यांच्या गाडीला पूर्वी २५ टन होती ती २८.५ टन झाली, गाडीचं स्वतःचं वजन धरून. त्यामुळे दहाचाकीत अठरा-एकोणीस टन माल कायद्याने नेता येतो. त्यावर एक क्विंटलही मी चढू देत नाही. राहुड घाट आणि बिजासन घाट उतरताना ब्रेक किती तापतात हे काट्यावर उभं राहून दिसत नसतं.

मग बिल्टी. गाडी नंबर, ड्रायव्हरचं लायसन, गोण्या, वजन, भाडं, ॲडव्हान्स, बाकी. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, त्याला ई-वे बिलही लागत नाही. समितीची पावती, व्यापाऱ्याचं बिल आणि माझी बिल्टी एवढ्यावर गाडी देशभर जाते. बिल्टीच्या तळाशी 'घट' असा एक रकाना आहे, तो ड्रायव्हरला मी नेहमी वाचून दाखवतो. कांदा वाटेत सुकतो, वजन थोडं उतरतं. तेवढी घट सगळे धरून चालतात. पण गाडी मंडईच्या दारात दोन दिवस उन्हात उभी राहिली तर घट वाढते, आणि ती वाढीव घट भाड्यातून कापली जाते. उतरवून घ्यायला उशीर दुसऱ्याचा, पैसे गाडीवाल्याचे. या धंद्यातला सगळ्यात मोठा अन्याय मला हाच वाटतो.

सात

गाड्या सुटतात. दक्षिणेच्या येवला, कोपरगाव करून नगर-मनमाड रस्त्याला लागतात. त्या रस्त्यावरचे खड्डे कोणत्या गावाजवळ कुठल्या बाजूला आहेत ते ड्रायव्हर पाठ म्हणून दाखवतात. उत्तरेच्या चांदवडवरून मालेगाव, धुळ्याकडे. वाशीची गाडी इगतपुरीला समृद्धीवर चढणार. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा उघडला आणि ७०१ किलोमीटरचा महामार्ग पूर्ण झाला. कसारा घाट टाळून बोगद्यातून जाता येतं, गाडी आणि ड्रायव्हर दोघांचाही जीव वाचतो. टोल जड आहे, पण मी तो देतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हेही चांगलं झालं. धुळ्याच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून बघावं, म्हणजे तो किती उशिरा आला ते कळेल. जुन्या गाड्या मात्र पुढची कित्येक वर्षं तशाच चालणार.

रात्री नऊ

आलेल्या पोचा फाइलला लावायच्या, ज्यांची बाकी आली त्यांचे हिशेब मिटवायचे. वाशीची गाडी दुपारीच रिकामी झाली, भिवंडीतून नाशिकचा माल भरून परत निघाली. बिजासनची रांग सुटली. मंडईतल्या गाडीचा संध्याकाळी अखेर नंबर लागला. साडेतीन क्विंटल घट, त्यातली जवळपास दोन क्विंटल भाड्यातून कापली. दोन दिवसांच्या हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी उभी ठेवल्याच्या भरपाईचा, एक रुपया नाही. मी आडत्याशी भांडलो, व्यापाऱ्याशीही बोललो. शेवटी निम्मं नुकसान मी सोसलं, निम्मं गाडीमालकाने.

रस्ते रुंद झाले, नाके गेले, बोगदे आले. त्यांनी वाचवलेले तास मंडईच्या दारात वाया जात असतील तर रस्त्यांवर घातलेला पैसा कोणाच्या कामी आला? माझी मागणी मोठी नाही. गाडी गेटावर पोचल्याची वेळ समितीने लिहून द्यावी. त्यानंतर बारा तासांत उतरली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचं हॉल्टिंग आणि जास्तीची घट उतरवून घेणाऱ्याने सोसावी. प्रत्येक मंडईच्या आवारात ड्रायव्हरसाठी पाणी, संडास-न्हाणी आणि झोपायला छप्पर असावं, आणि तो जेवून येईपर्यंत गाडीवर लक्ष ठेवणारा एक माणूस. व्यापारी, आडते आणि समितीचे संचालक यांच्यापैकी जे कोणी हे वाचत असतील त्यांनी आपल्या पुढच्या बैठकीत एवढा एक ठराव मांडावा.