आज्ञा कोणाची मानावी?

संगणकाचा प्रोग्रॅम लिहून झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. मनुष्याने लिहिलेल्या मजकुरातून यंत्राला चालविता येईल अशी फाइल बांधावी लागते. ही बांधणी आपोआप व्हावी यासाठी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ हे साधन निर्माण केले. त्याचा ‘ग्नू मेक’ हा अवतार आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे.

बांधणीच्या सूचना ‘मेकफाइल’मध्ये लिहिलेल्या असतात. त्यांत ‘सीसी’ असे एक नाव येते. सी भाषेचा कोणता कंपायलर वापरावयाचा, हे त्या नावाला दिलेल्या मूल्यावरून ठरते. अशा नावाला व्हेरिएबल म्हणतात. परंतु याच नावाला संगणकाच्या परिसरात, म्हणजे एन्व्हायर्नमेंटमध्ये, कोणी पूर्वीच निराळे मूल्य देऊन ठेवलेले असू शकते. मग ऐकावयाचे कोणाचे?

‘मेक’चा दंडक स्पष्ट आहे. साधनात मुळातच असलेले मूल्य सर्वांत दुबळे. परिसरातील मूल्य त्यावर मात करते, मेकफाइलमधील मूल्य परिसरावर, आणि आज्ञा देतानाच कमांड लाइनवर लिहिलेले मूल्य या तिन्हींवर. परिसरात ‘क्लँग’ आणि मेकफाइलमध्ये ‘जीसीसी’ असेल, तर जीसीसीच चालतो. आज्ञेतच क्लँग लिहिला, तर मात्र क्लँग.

या दंडकाला अपवादही आहेत. मेकफाइलमध्ये ‘ओव्हरराइड’ हा शब्द योजल्यास कमांड लाइनही हरते. बरोबरीच्या चिन्हाआधी प्रश्नचिन्ह लिहिल्यास मेकफाइल मागे सरते आणि परिसरात मूल्य असल्यास तेच राखते. आज्ञेत ‘ई’ हा पर्याय दिल्यास परिसर मेकफाइलच्या वर जाऊन बसतो. परंतु ही रीत इष्ट नव्हे, असे ग्नू मेकची पुस्तिकाच सांगते.

याचे कारण उघड आहे. मेकफाइल प्रोग्रॅमबरोबर यंत्रायंत्रांतून फिरते. परिसर मात्र ज्या त्या यंत्राचा निराळा आणि डोळ्यांआड असतो. त्याला वरचा मान दिला, तर एकाच मजकुरातून दोन यंत्रांवर दोन निराळ्या फाइली निघतील, आणि दोष शोधणारा निर्दोष मजकूरच पुनःपुन्हा तपासत बसेल. म्हणूनच युनिक्स जातीच्या यंत्रांवर ‘शेल’ या व्हेरिएबलचे मूल्य ‘मेक’ परिसरातून घेतच नाही. एकाने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या निवडीने दुसऱ्याची बांधणी बिघडू नये, हा त्यातील हेतू.

तथापि परिसराचा अधिकार संपला असे नव्हे. मेकफाइल जेथे मौन पाळते, तेथे परिसर बोलतो. बांधणीचे फळ अनपेक्षित निघाले, की प्रथम हे मौन कोठे आहे ते पाहावे. आणि जे मूल्य परिसरावर सोडून चालणार नाही, ते मेकफाइलमध्ये स्पष्ट लिहून ठेवावे.