पूरक, औषध आणि संमतीची संहिता

वनस्पतिजन्य पूरकाची चाचणी हा वैद्यकाचा विषय होय. तथापि रुग्णाची संमती ज्या संहितेवर घेतली जाते, ती बहुधा भाषांतरित असते. म्हणून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकानेही तिचा विचार करावयास हवा.

तीव्र स्वादुपिंडदाहावरील अशी एखादी चाचणी रायपुरात योजली जाते आहे, असे समजू. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठीशी परिचित असलेल्या या शहरात छत्तीसगढी, हिंदी आणि मराठी शेजारी नांदतात. मराठीतील ‘स्वादुपिंड’ हिंदीत ‘अग्न्याशय’ होते. हे नाव ऐकणाऱ्यास जठराग्नी व मंदाग्नी आठवणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या विकारात पाचक विकरे ग्रंथीतच क्रियाशील होऊन तिचेच पचन करू लागतात. मराठी नाव अशी दिशाभूल करीत नाही. मात्र विकाराविषयी काही सांगतही नाही.

अधिक गंभीर प्रश्न ‘पूरक’ या शब्दाचा आहे. अंगणवाडीतील ‘पूरक पोषण आहारा’मुळे तो दोन्ही भाषांत हितकारकतेचा अर्थ घेऊन येतो. पुरावा मात्र सावध आहे. मणिपाल येथील २००५ च्या प्राथमिक अभ्यासात उष्णकटिबंधीय स्वादुपिंडविकाराच्या २० रुग्णांपैकी काहींना सहा आठवडे हळदीतील कुरकुमीन व मिरीतील पाइपरीन देण्यात आले, इतरांना औषधी गुण नसलेला पदार्थ. ऑक्सिडीकरणाचा एक निदर्शक घटला. वेदना कमी झाल्याचे आढळले नाही. शिवाय हा विकार दीर्घकालीन. त्यावरील निष्कर्ष तीव्र विकारास लावता येत नाहीत. नेदरलँड्समध्ये तीव्र विकारातच उपकारक जिवाणूंचे पूरक तपासले गेले. ते वनस्पतिजन्य नसले, तरी निरुपद्रवी मानले जात होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूरक घेणाऱ्यांपैकी १६ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ६ टक्के रुग्ण दगावले.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे रुग्णास समजणाऱ्या भाषेत माहिती देण्याचा आग्रह धरतात. भाषांतराची पडताळणी उलट भाषांतराने करण्याची पद्धत रूढ आहे. परंतु ‘पूरक’ इंग्रजीत परतताच ‘सप्लिमेंट’ होते आणि भाषांतर निर्दोष ठरते. रुग्णाच्या मनात उमटलेले आश्वासन या पडताळणीत कोठेच दिसत नाही. यास्तव शब्दाला प्रतिशब्द देऊन भागत नाही. ‘याने गुण येईल की अपाय होईल, हे ठाऊक नाही, ते जाणण्यासाठीच ही चाचणी आहे’, असे वाक्य संहितेत प्रारंभीच हवे. असह्य वेदनेत सही करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत अनुवादाची निष्ठा मूळ संहितेइतकीच त्याच्या आकलनाशीही असावयास हवी.