पावसाळ्यात चिरलेली पानं ताजी कशी ठेवायची?

परवा शेजारच्या काकूंनी लेट्यूसची पिशवी समोर धरली. "दोन दिवसांत चिखल झाला बघ!" पनवेलच्या जुलैत हे घरोघरी होतं, म्हणून लिहितोय.

पान तोडल्यावरही जिवंत असतं. श्वास घेतं, पाणी सोडतं. बंद पिशवीत ते पाणी पानांवरच साचतं आणि सड सुरू होते. उघडं ठेवलं तर फ्रिजची कोरडी हवा ते सुकवते. म्हणजे भोवतालची हवा दमट हवी, पान मात्र कोरडं. सगळी मेख इथेच आहे.

मी पानं गार पाण्यात धुऊन चाळणीत निथळतो, मग सुती पंच्यावर पसरून पंख्याखाली ठेवतो. आपल्या हवेत वेळ लागतो, घाई नको. नंतर डब्यात खाली-वर कोरडं फडकं, मध्ये पानं, न दाबता. फडकं ओलावलं की बदलायचं.

चिरण्यासाठी विळी किंवा सुरी धारदारच हवी. बोथट पात्याने पेशी चिरडतात, कडा तपकिरी पडतात.

केळी, सफरचंद, टोमॅटो शेजारी नकोत. त्यांच्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात.

कोथिंबीर न धुता, देठं पेलाभर पाण्यात. बाजारात टाकळा, कुरडू मिळाला तर साठवूच नका, त्याच दिवशी परता!

पानं नुसती मरगळली असतील तर पंधरा मिनिटं बर्फाच्या पाण्यात टाका, पुन्हा कुरकुरीत होतात. बुळबुळीत झालेली मात्र टाकून द्या.

मेथी, शेपू, पुदिना, कशाबद्दलही विचारा. जमेल तसं उत्तर देतो.