गाज ऐकू येईल अशी खोली

आईचं माहेर रत्नागिरीचं, मांडवीच्या बाजूचं. मामा गेले, घर विकलं गेलं, आणि ज्या गावात आम्ही कधी पैसे मोजून राहिलो नव्हतो तिथेच खोली शोधायची वेळ आली. ऐंशी ओलांडलेली आई म्हणाली, ‘‘मला एक रात्र गाज ऐकत झोपायचंय गं.’’ मी कोल्हापुरातून फोनवर एक ‘सी-व्ह्यू’ खोली ठरवली. समुद्र दिसत होता, पण लांबवर, माडांच्या शेंड्यांपलीकडे एक निळी रेघ. रात्री खिडकी उघडली तर आवाज आला तो रस्त्यावरच्या गाड्यांचा. आई काही बोलली नाही, कुशीवर वळून झोपली. मला ते फार लागलं.

तेव्हापासून राहण्याची जागा मी डोळ्यांनी ठरवत नाही. रत्नागिरीत वरचं गाव आणि खालचं गाव असे दोन भाग धरून चालावं. मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव हा वरचा, सड्याकडचा भाग. मांडवी, मिरकरवाडा, मिऱ्या आणि खाडीपलीकडचं भाट्ये हा खालचा. वरून समुद्र छान दिसतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं. त्याचा राजवाडा १९१० साली पुरा झाला, तोही असाच उंचावर. तिथल्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि मावळतीचं आकाश पाहताना बोलणं थांबतं. पण लाटेचा आवाज हवा असेल तर खालीच उतरावं लागतं.

वर राहणं चुकीचं आहे असं मात्र नाही. माझा भाऊ मुंबईहून कोकणकन्येने येतो. गाडी पहाटे पोचवते आणि स्टेशन गावाबाहेर, कुवारबावच्या बाजूला. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बारापर्यंत मिळत नाही. लहान मुलं आणि सामान घेऊन तेवढे तास काढायचे कुठे? ‘पहाटे आलो तर खोली द्याल का?’ हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारावा. एकाच रात्रीचा मुक्काम असेल, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग पाहून पुढे निघायचं असेल, तर वरचा भागच सोयीचा. आम्ही आंबा घाटातून एसटीने येतो. आमचा स्टँड शहरातच, त्यामुळे आमची गणितं वेगळी.

खाली उतरलात तरी प्रत्येक किनाऱ्याचा स्वभाव निराळा. मिरकरवाडा हे मासेमारीचं बंदर. पहाटे होड्या लागल्या की लिलावाची ओरड आणि मासळीचा वास. मला ते जिवंत वाटतं, पण ज्यांना शांत झोप हवी त्यांनी जरा लांब राहावं. ताज्या मासळीच्या ओढीने येणाऱ्यांनी जून-जुलै टाळावा; १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मांडवीला काळी वाळू, जेट्टी आणि संध्याकाळची गर्दी. भाट्याला लांबलचक किनारा आणि सुरूची झाडं. शिवाय पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला जायचं तर वाट तिथूनच जाते. शहरात यायला पूल ओलांडावा लागतो, म्हणून रात्री रिक्षा मिळते का, ते आधी विचारून घ्यावं.

खिडकीचंही विचारावं. आपला किनारा पश्चिमेचा, इथे समुद्रात सूर्य मावळतो. पश्चिमेची खोली सगळ्यांना हवी असते, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतरचं ऊन थेट त्या भिंतीवर येतं आणि भिंत रात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई वारा जमिनीकडून. म्हणून दोन बाजूंना खिडक्या असलेली खोली मिळाली तर वातानुकूलित यंत्राची फारशी आठवण होत नाही. आणि पायऱ्या किती, कमोड आहे का, हे विचारताना मुळीच संकोचू नये. माणसं म्हातारी आहेत हे कळलं की घरगुती सोय करणारे लोक खालची खोली आपणहून देतात. पर्यटन संचालनालयाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदलेली घरंही असतात. मला ती आवडतात, कारण सकाळी गरम घावन आणि शेजारी बोलायला कुणीतरी असतं.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, आणि ती आईकडूनच आलेली. तिचे वडील भरतीची वेळ तिथीवरून सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, की साधारण पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ फिरायच्या नेमक्या वेळी पाणी वर आणि वाळू अरुंद. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, सकाळचे आणि रात्रीचे. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. मिनिटामिनिटाचा हिशेब नव्हे हा, पण मुक्कामाचा दिवस ठरवायला पुरतो. पाण्यात उतरायचं असेल तर मात्र तिथल्या माणसांना विचारूनच उतरावं.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेला आम्ही भाट्याला तळमजल्यावरची खोली घेतली. दार उघडलं की पडवी, पुढे अंगण, मग सुरूची झाडं. घरच्या काकूंनी पडवीत आरामखुर्ची आणून ठेवली, ‘‘आजी, वारं लागेल, शाल घ्या,’’ म्हणाल्या. दहानंतर पाणी चढत गेलं तशी गाज जवळ आली. अकरा वाजता मी आईला आत चल म्हणाले. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, ‘‘थांब, अजून पाव तास आहे.’’